‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामधली पस्तीस वर्षं

25 मे 2018 रोजी आयर्लंडच्या मतदारांच्या हातात जी मतपत्रिका पडली, तिच्यावर ‘गर्भपात’ हा शब्द विचारलेल्या प्रश्नात नव्हता. संविधानाच्या छत्तिसाव्या दुरुस्तीच्या विधेयकाचं नाव होतं, त्यातल्या प्रस्तावाला तुमची संमती आहे का एवढा प्रश्न होता, आणि खूण करायला दोन चौकोन होते. एकाशेजारी ‘तॉ’, दुसऱ्याशेजारी ‘नील’. इंग्रजी ‘येस’ आणि ‘नो’ त्यांच्या जोडीला छापलेले होते, पण आयरिश भाषेत ‘येस’ आणि ‘नो’साठी स्वतंत्र शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापद परत म्हणून उत्तर द्यायचं, ही त्या भाषेची रीत. ‘तॉ’ म्हणजे ‘आहे’, ‘नील’ म्हणजे ‘नाही’. मराठी माणसाला हे लगेच समजतं. ‘जेवण झालं का?’ याला आपणही ‘झालं’ म्हणूनच उत्तर देतो.

या विषयाचं दार उघडताना मी मतपत्रिकेपासून सुरुवात करते, कारण सार्वमताच्या अभ्यासातली पहिली अडचण तिच्यावरच दिसते. लाखो माणसांच्या मनातलं एवढं मोठं वादळ शेवटी दोन चौकोनांत मावावं लागतं. हे पुस्तक आयर्लंडमधल्या गर्भपातविषयक सार्वमतांचं आहे आणि त्यांच्याभोवती जे बोललं गेलं, लिहिलं गेलं, भिंतींवर रंगवलं गेलं त्याचंही आहे. कायदा शिकणाऱ्यांनी ते वाचावं, पत्रकारांनी वाचावं, प्रसूतिगृहात वर्षानुवर्षं काम केलेल्या परिचारिकांनी तर नक्की वाचावं. आयर्लंडची काहीही माहिती असायला हवी अशी अट नाही.

आपल्याकडे सार्वमताचा अनुभव जवळपास नाही. गोव्याला मात्र आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर मत दिलं. फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं अस्तित्व. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. त्या मतदानाला लोक ‘जनमत कौल’ म्हणाले. कौल हा देवळातला शब्द. मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या लावायच्या, प्रश्न बोलायचा आणि उजवी पडते की डावी ते पाहायचं. कौल लावणाऱ्या जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की माहीत असते: प्रश्न कसा मांडला यावर पुष्कळ काही ठरतं. आयर्लंडचा सगळा इतिहास मला या शब्दाच्या उजेडात अधिक नीट दिसतो. 1937 च्या संविधानाप्रमाणे तिथे संविधानातलं एक अक्षरही जनतेला विचारल्याशिवाय बदलता येत नाही. संसदेने विधेयक मंजूर करायचं, मग ते मतदानाला जायचं, आणि पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक ज्या बाजूला, ती बाजू जिंकायची. किमान मतदानाची अट नाही. त्यामुळे प्रश्न कोण लिहितो आणि कोणत्या शब्दांत लिहितो, यावर तिथे पिढ्यान् पिढ्या झगडल्या.

1983 साली संविधानात घातलेलं गर्भपाताविषयीचं वाक्य समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गर्भपात तिथे आधीपासूनच गुन्हा होता. ब्रिटिश अमदानीतल्या 1861 च्या कायद्याने त्याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली होती. मग संविधानात नवं काही घालायची गरज कुणाला वाटली? 1973 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅगी खटल्यात विवाहित जोडप्याचा खासगीपणा मान्य करून संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी सैल केली. दोन निकाल शेजारी ठेवून काही कॅथलिक डॉक्टर आणि वकील अस्वस्थ झाले. उद्या आपल्याही न्यायाधीशांनी तोच रस्ता धरला तर? 1981 साली त्यांनी मोहीम उघडली आणि निवडणुकांच्या धांदलीत दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांकडून, गॅरेट फिट्झजेरल्ड आणि चार्ल्स हॉही यांच्याकडून, वचन मिळवलं.

त्यातून जे वाक्य निघालं त्याचा आशय असा: न जन्मलेल्या जीवाचा जगण्याचा हक्क राज्य मान्य करतं, आणि आईच्या जगण्याच्या समान हक्काचं योग्य भान ठेवून, आपल्या कायद्यांनी त्या हक्काचा आदर करण्याची आणि शक्य असेल तेवढं त्याचं रक्षण करण्याची हमी देतं.

हे वाक्य मी एका अभ्यासवर्गात मराठीत वाचून दाखवलं होतं. वर्गात एक निवृत्त परिचारिका होत्या, तीस वर्षं प्रसूतिकक्षात काढलेल्या. ‘शक्य असेल तेवढं’ या शब्दांशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘बाई, हे शक्य किती ते रात्री दोन वाजता ठरवायचं कुणी? आम्ही, की वकिलाला उठवायचं?’ पुढची पस्तीस वर्षं आयर्लंड याच प्रश्नाशी झुंजत होता हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथले तेव्हाचे महान्यायवादी पीटर सदरलँड यांनी मात्र मतदानाआधीच सरकारला बजावलं होतं की हे शब्द संदिग्ध आहेत आणि डॉक्टरांना अडचणीत टाकतील. मेरी रॉबिन्सन तेव्हा सिनेटमध्ये होत्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनीही विरोध केला. 7 सप्टेंबर 1983 रोजी 66.9 टक्के मतांनी वाक्य संविधानात गेलं.

या वाक्याबद्दल आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यात ‘स्त्री’ नाही, ‘आई’ आहे; चौदा वर्षांची मुलगी असो की पाच मुलांची माता, संविधान तिला एकाच नात्याने हाक मारतं. दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजी आणि आयरिश पाठांत फरक पडला तर तिथे आयरिश पाठ प्रमाण मानतात. इंग्रजीत ‘न जन्मलेला’ हे एवढंच विशेषण नामासारखं वापरलं आहे, ज्याची व्याख्या कुठेच नाही. आयरिश पाठ म्हणतो ‘ब्यो गन ब्रेह’, म्हणजे जन्माविना जिवंत असलेले. म्हणजे जीवन कधी सुरू होतं हा जो सगळ्यात कठीण प्रश्न, त्यावर भाषेनेच अर्धं उत्तर देऊन टाकलेलं होतं. भाषांतर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा मी देऊ शकत नाही.

मतदानाला पाच महिने होत नाहीत तोच, 31 जानेवारी 1984 रोजी, लॉन्गफर्ड काउंटीतल्या ग्रॅनार्ड या गावात अ‍ॅन लवेट नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी मेरीमातेच्या देवडीशी एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं आणि त्याच दिवशी तीही गेली. गाव गप्प राहिलं. मग रेडिओवरच्या गे बर्न यांच्या कार्यक्रमाला पत्रं येऊ लागली. देशभरातल्या बायकांनी, काही म्हाताऱ्या झालेल्या, आयुष्यात कुणालाही न सांगितलेलं लिहून पाठवलं होतं: गोठ्यातली बाळंतपणं, लपवलेली पोटं, पुरलेली अर्भकं. त्या पत्रांचं वाचन एका सकाळी प्रसारित झालं. मध्ये मध्ये काही न बोलता, एकामागून एक पत्र.

मी या क्षेत्राची सुरुवात मतमोजणीपासून न करता या पत्रांपासून करावी असं सांगते. 1983 च्या वादात बोलत होते बिशप, बॅरिस्टर, डॉक्टर आणि मंत्री. जिच्या शरीराबद्दल बोलणं चाललं होतं, ती त्या सभांतून जवळजवळ गैरहजर होती. 2018 साली 66.4 टक्क्यांनी ते वाक्य काढलं गेलं. आकडे जवळपास तेच, फक्त बाजू फिरलेली. मधल्या काळात लोकांची मतं बदलली असं म्हणून मोकळं होता येईल, पण मतं अशी आपोआप बदलत नाहीत. माझ्या मते तिथे बोलणारं माणूस बदललं, आणि ऐकणाऱ्यांना ते बोलणं आपल्याच घरातलं वाटू लागलं.

हे एकदम झालं नाही. 1992 चा ‘एक्स’ खटला तपशिलात वाचायला हवा. चौदा वर्षांची मुलगी, ओळखीतल्या माणसाच्या बलात्कारातून गर्भवती. आईबाप तिला इंग्लंडला घेऊन गेले. जाण्याआधी त्यांनी पोलिसांना विचारलं की गर्भाच्या पेशींचा डीएनए खटल्यात पुरावा म्हणून चालेल का. कायद्यावर विश्वास असलेल्या साध्या माणसांनी विचारलेला हा प्रश्न महान्यायवाद्यांपर्यंत गेला आणि उच्च न्यायालयाने मुलीला गर्भपातासाठी देश सोडायला मनाई केली. कुटुंब परत आलं. डब्लिनच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. सर्वोच्च न्यायालयाने मनाई उठवली, आणि 5 मार्चच्या निकालपत्रात कारण दिलं: आईच्या जिवाला खरा आणि ठोस धोका असेल तर गर्भपात कायदेशीर, आणि आत्महत्येचा धोका हाही जिवाचाच धोका. ज्या वाक्याने गर्भपात कायमचा बंद होईल असं वाटलं होतं, त्याच वाक्याच्या ‘समान हक्क’ या दोन शब्दांतून न्यायाधीशांनी वाट काढली.

त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला तीन प्रश्न लोकांपुढे आले. आत्महत्येचा धोका वगळावा का? लोक ‘नाही’ म्हणाले. देशाबाहेर जाण्याचं स्वातंत्र्य असावं का? ‘हो’. परदेशातल्या सेवेची माहिती देऊ द्यावी का? ‘हो’. म्हणजे इथे करायचं नाही, पण तिथे जायला हरकत नाही. 2002 साली आत्महत्येचा धोका वगळायचा दुसरा प्रयत्न झाला आणि 50.42 टक्क्यांनी पडला; फरक साधारण साडेदहा हजार मतांचा. त्या वेळचं गमतीचं गणित नीट पाहावं: प्रस्ताव फार सैल आहे म्हणून काही कडव्या विरोधकांनी आणि फार कडक आहे म्हणून उदारमतवाद्यांनी, दोघांनीही ‘नाही’वरच खूण केली. एका चौकोनात किती वेगवेगळी माणसं दाटीवाटीने उभी असतात, हे या निकालातून शिकावं.

दरम्यान जहाजं आणि विमानं भरून जातच होती. इंग्लंडमधल्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या स्त्रिया 2001 साली 6,673 होत्या, 2016 साली 3,265. घट झाली त्यात टपालाने मागवलेल्या गोळ्यांचाही वाटा होता. पत्ता न देणाऱ्या किती, ते कोण मोजणार.

आता सविता हलप्पनवार. तिचं नाव घेताना माझा हात अजून जड होतो, कारण ती बेळगावची होती. घर कन्नड, पण ज्या गावाच्या गल्ल्यांत मराठी-कन्नडचा वाद ऐकत माझ्यासारख्या अनेकांची नातीगोती वाढली, त्याच गावची मुलगी. दंतवैद्य, एकतीस वर्षांची. 21 ऑक्टोबर 2012 रोजी ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली तेव्हा गर्भ सतरा आठवड्यांचा होता. गर्भ वाचणार नाही हे तिला सांगण्यात आलं. मग मोकळं करा, असं ती आणि तिचा नवरा विनवत राहिले. ठोके चालू आहेत तोवर करता येत नाही, हे उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असंही कानावर आलं. आपण ते बोललो हे एका परिचारिकेने पुढे चौकशीत मान्य केलं. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि 28 तारखेला ती गेली. दोन आठवड्यांनी ‘आयरिश टाइम्स’मध्ये बातमी आली आणि मेणबत्त्या घेऊन माणसं रस्त्यावर आली.

विद्यार्थ्यांनी इथे घाई करू नये. तिचा मृत्यू कायद्यामुळे झाला की उपचारातल्या हलगर्जीमुळे, यावर तिथे पाच वर्षं वाद झाला. 1983 ची दुरुस्ती टिकवू पाहणारे म्हणत होते की संसर्ग वेळीच ओळखला असता तर ती वाचली असती. प्राध्यापक सबरत्नम अरुलकुमारन यांच्या समितीच्या अहवालात दोन्ही गोष्टी आहेत: देखरेख अपुरी पडली, आणि गर्भाचे ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर भर दिला गेला, त्यामागे कायद्याची धास्तीही होती. अहवाल पूर्ण वाचलेल्या माणसाला एका ओळीत दोष वाटून देता येत नाही, आणि म्हणूनच तो वाचायचा. त्या निवृत्त परिचारिकेचा रात्री दोनचा प्रश्न मला तिथे पानोपानी आठवला. 2013 साली जो कायदा आला त्याने जिवाच्या धोक्यापुरती वाट आखून दिली, आणि इतर गर्भपातासाठी चौदा वर्षांपर्यंतची कैद ठेवली.

या पुस्तकातला सगळ्यात आशादायक भाग नागरिक सभेचा आहे. 2016 साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सर्वसामान्य माणसांतून 99 जणांची निवड झाली. वय, लिंग, प्रदेश, वर्ग यांचा तोल सांभाळून. अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. डब्लिनजवळच्या मॅलहाइडमधल्या हॉटेलात शनिवार-रविवारी गोल टेबलांभोवती ही मंडळी बसायची. प्रत्येक टेबलाला बोलणं सुरळीत ठेवणारं एक माणूस आणि टिपणं घेणारं एक. डॉक्टर आले, घटनातज्ज्ञ आले, नीतिशास्त्राचे अभ्यासक आले, दोन्ही बाजूंच्या संघटना आल्या. सहा स्त्रियांचे स्वतःचे अनुभव ध्वनिमुद्रित करून ऐकवले गेले, त्यांतल्या काहींनी गर्भपात केला होता, काहींनी तो न करण्याचं ठरवलं होतं. एप्रिल 2017 मध्ये सभेतल्या 64 टक्क्यांनी कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी असं मत दिलं. ही माणसं देशाच्या फार पुढे गेली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. वर्षभराने देशाचा आकडा आला 66.4.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यांत दिव्यांचे खांब फलकांनी झाकले गेले होते. एका बाजूचे फलक गर्भाची चित्रं दाखवत आणि इंग्लंडमध्ये पाचांतला एक गर्भ पाडला जातो असं सांगत. दुसरी बाजू म्हणत होती की कधी कधी खासगी गोष्टीला सार्वजनिक आधार लागतो. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्या सांगतात की उंबऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाया आवाज खाली आणून आपली गोष्ट सांगायच्या. पत्रकार रोशीन इंगल आणि अभिनेत्री तारा फ्लिन यांनी 2015 सालीच स्वतःच्या नावाने आपले अनुभव सांगितले होते. 2018 मध्ये ‘इन हर शूज’ या उपक्रमातून निनावी कहाण्या आल्या, प्रत्येकीसोबत फक्त बुटांच्या जोडीचं छायाचित्र. परदेशी असलेली तरुण मुलं विमानं धरून मत द्यायला घरी आली. बेळगावहून सविताच्या वडिलांनी आयर्लंडच्या जनतेला ‘हो’ म्हणण्याची विनंती केली. निकालाच्या सुमारास डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातल्या एका भिंतीवरच्या तिच्या चित्राभोवती लोकांनी शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘माफ कर’, असं पुष्कळांवर होतं. पावसाने भिजायच्या आत त्या उतरवून शहराच्या ग्रंथालयाच्या अभिलेखागारात जपून ठेवल्या गेल्या. रंगीत कागदाचे ते तुकडे आज या क्षेत्राची साधनं आहेत, न्यायालयाच्या निकालपत्रांइतकीच.

आणि हरलेल्यांचं काय? 7,23,632 लोकांनी ‘नाही’ म्हटलं. चाळीस मतदारसंघांपैकी एकट्या डोनेगलने 1983 ची दुरुस्ती राखायचा कौल दिला. पासष्टीच्या पुढच्या मतदारांतही ‘नाही’चंच पारडं जड होतं. मी स्वतः कोणत्या बाजूची आहे हे आतापर्यंत वाचकाला कळलं असेल. तरी या लाखोंना चर्चच्या दावणीला बांधलेली माणसं म्हणून बाजूला सारणारा लेख या पुस्तकात आम्ही घेतला नाही. अपंग मुलांच्या आईबापांची भीती, गर्भातल्या जीवाबद्दलची मनापासूनची कणव, राज्याने हात झटकू नयेत ही अपेक्षा, हे सगळं त्या ‘नाही’मध्ये होतं. ते त्यांच्या शब्दांत ऐकल्याशिवाय ‘हो’चंही वजन कळत नाही.

इतर देशांकडे धावती नजर टाकली आहे. पोर्तुगालने 1998 मध्ये अगदी थोडक्या फरकाने नकार दिला आणि 2007 मध्ये होकार. दुसऱ्या वेळी मतदान निम्म्याहून कमी झाल्याने कौल बंधनकारक नव्हता, तरी संसदेने तो मानला. इटलीत 1981 साली एकाच दिवशी कायदा सैल करण्याचा आणि कडक करण्याचा, दोन्ही प्रस्ताव लोकांनी फेटाळले. सॅन मरिनोने 2021 मध्ये 77 टक्क्यांनी परवानगी दिली. अमेरिकेतल्या कॅन्ससने 2022 मध्ये सगळ्यांचे अंदाज चुकवले. या प्रत्येकावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

मराठी वाचकाला एक अडचण अधिक आहे, शब्दांची. आपल्याकडे 1971 साली गर्भपाताचा कायदा आला तो मुख्यतः आरोग्याच्या कारणाने. ज्या समितीच्या शिफारशीवरून तो आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. लोकांना कुणी विचारलं नाही. हक्क म्हणूनही तो आला नाही, डॉक्टरच्या निर्णयावर सोपवलेली सवलत म्हणून आला. पुढे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला. ती लढाई रास्त होती, पण तिने ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द घराघरात नेला आणि त्याची छाया सगळ्याच गर्भपातांवर पडली. आजही भिंतीवर ‘भ्रूणहत्या पाप आहे’ वाचून कायदेशीर गर्भपातासाठी आलेली बाई दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरते. म्हणून या पुस्तकात आम्ही ‘हत्या’ हा शब्द फक्त तिथेच ठेवला आहे जिथे मूळ बोलणाऱ्याने तसाच शब्द वापरला. ‘गर्भपात’ आपोआप होणारा आणि केलेला, दोन्हींना चालतो. सविताच्या प्रकरणात त्यामुळे घोटाळा होतो, कारण तिथे एक होत होता आणि दुसरा मागितला जात होता. तिथे आम्ही प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिलं आहे. ‘गर्भ’, ‘बाळ’ आणि ‘न जन्मलेला जीव’ हे तीन शब्दही ज्याने जो वापरला तोच ठेवला.

2018 मध्ये जुन्या वाक्याच्या जागी जे आलं ते अगदी छोटं आहे: गर्भारपण संपवण्याच्या नियमनासाठी कायद्याने तरतूद करता येईल. बारा आठवड्यांपर्यंत मुभा देणारा कायदा डिसेंबरमध्ये झाला आणि 1 जानेवारी 2019 पासून सेवा सुरू झाली. तीन दिवस थांबण्याची सक्ती योग्य की अयोग्य, बारा आठवड्यांनंतर आढळलेल्या गंभीर व्यंगांचं काय, खेड्यातल्या बाईने डॉक्टर शोधायचा कुठे, हे वाद चालूच आहेत. ते संसदेत चालू आहेत, संविधानात अडकलेले नाहीत, एवढा फरक पडला.

पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर 1983 चं वाक्य आयरिश, इंग्रजी आणि मराठीत एकाखाली एक छापलं आहे. मराठी भाषांतर आम्ही चार वेळा बदललं आणि ‘शक्य असेल तेवढं’ इथे अजूनही अडतो. वाचकाने तिथूनच सुरुवात करावी, पेन्सिल हातात घेऊन.